ज्याच्या त्याच्या कलानं

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि जिल्ह्याच्या तपासणी समितीवर माझं नाव गेलं. कुणी सुचवलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. समितीत एक बाहेरचा, मुलांशी संबंध आलेला माणूस लागतो आणि मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, एवढीच माझी लायकी. बालगृहांना आणि निरीक्षणगृहांना (गुन्ह्याचा आळ आलेली मुलं चौकशी चालू असताना ठेवतात ती) तीन महिन्यांतून निदान एकदा भेट द्यायची, पथकात तिघं तरी हवेत, त्यात एक बाई हवी आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा, असं २०१५च्या बाल न्याय कायद्यात आहे. आमच्या पथकात बाई मी होतेच, डॉक्टरही बाईच होत्या. कायदा थोडा जास्तच पाळला गेला.

पहिल्या तपासणीला मी पर्समध्ये शिवणाची टेप घेऊन गेले होते. हसण्यासारखंच आहे ते, पण २०१६चे केंद्राचे आदर्श नियम मी आदल्या रात्री वाचले होते आणि त्यात पन्नास मुलांच्या संस्थेसाठी खोल्यांचं चक्क कोष्टक आहे. पंचवीस मुलांच्या झोपायच्या खोलीला १००० चौरस फूट, म्हणजे माणशी ४०. स्वयंपाकघर २५०, जेवणाची खोली ८००. सात मुलांमागे एक संडास, दहा मुलांमागे एक न्हाणीघर. गणिताच्या मास्तरणीला आणखी काय हवं?

मोजलं. मुलं अठ्ठेचाळीस, संडास सात. सहा पूर्णांक सहा सप्तमांश, पास. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी सातव्या दाराचं कुलूप दाखवलं. "तो स्टाफचा आहे, मॅडम," अधीक्षक म्हणाले. मग उरले सहा. अठ्ठेचाळीस भागिले सहा, आठ. नापास. मी वहीत लिहिलं आणि मला मनापासून बरं वाटलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा कुलूप निघालेलं होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी या मोजमापाबद्दल जे लिहिणार आहे त्यावरून मला मोजणं कमी दर्जाचं वाटतं असा समज व्हायचा. तसं नाही. सकाळी सहा वाजता संडासाच्या रांगेत आठवा उभा राहिलेला मुलगा शाळेत उशिरा पोचतो, छडी नसली तरी बोलणी खातो, आणि ती त्याच्या नावावर जमा होतात. एक कुलूप काढल्याने ते थांबलं. जिव्हाळा वगैरे नंतर.

आणि चाळीस चौरस फूट कमी आहेत असंही कुणी म्हणू नये. मी चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. माणशी सतरा चौरस फूट पडतात, तेही गॅस आणि मोरी धरून. पण दाराच्या वर एक फळी होती आणि तिचा डावा कोपरा माझा होता. तिथे माझी कंपासपेटी, एक फुटका शंख आणि दोन रिबिनी. त्याला कुणी हात लावत नसे. धाकटा भाऊसुद्धा नाही, आणि तो तर कशालाही हात लावायचा. बालगृहाच्या कोष्टकात फळीच्या कोपऱ्याला मोजमाप नाही. नियमांत मुलाच्या सामानासाठी जागा हवी वगैरे येतं, पण ती जागा त्याची आहे हे कशावरून ओळखायचं, ते मुलांनाच ठाऊक.

एका मुलींच्या गृहात ते कळलं. गच्चीवर दोरीला टॉवेल वाळत होते, चाळीसेक, सगळे एकाच ठेकेदाराचे, एकाच फिकट गुलाबी रंगाचे. मी सहज विचारलं, यातला कुणाचा कुठला कसा समजतो? मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकीनं टॉवेलाचं टोक उलटून दाखवलं: निळ्या दोऱ्याची एक गाठ. दुसरीच्या टॉवेलाला हिरव्या दोऱ्याच्या दोन गाठी. तिसरीनं उसवलेल्या कडेत मणी ओवला होता. गृहमातेलाही हे माहीत नव्हतं. किंवा होतं आणि ती गप्प राहिली होती. ते असेल तर त्या बाईला मी शंभरपैकी शंभर देईन.

आमच्या प्रशिक्षणाच्या दिवशी पडद्यावर एक शब्द वारंवार येत होता: व्यक्तिकेंद्रित सेवा. सेवा मुलासाठी, मूल सेवेसाठी नाही, वगैरे. शब्द बरोबर होता पण तोंडात बसत नव्हता. घरी येताना रिक्षात मला आठवलं की यासाठी आपल्याकडे शब्द आहे आणि तो माझी आजी दिवसातून चारदा वापरायची. "त्याच्या कलानं घे गं जरा." कलानं घेणं म्हणजे लाड नव्हेत. आजी कुणाचे लाड करण्यातली नव्हतीच. मूल कुठं झुकतंय ते आधी बघायचं आणि मग त्याला जिकडे न्यायचं तिकडे न्यायचं, इतकंच. आता प्रश्न असा की कल हा मानकांत कसा बसवायचा? चौरस फुटात तर येत नाही. आणि दुसरीकडे सरकारी कागदावर मुलाला शब्द काय आहे, तर 'प्रवेशित'. "आज एकूण प्रवेशित अठ्ठेचाळीस." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं धान्याच्या पोत्यांबद्दल बोलतायत.

कल लिहायची जागा कायद्याने ठेवलेली आहे, हे मला दुसऱ्या तपासणीत समजलं. नमुना क्रमांक सात. प्रत्येक मुलाची स्वतंत्र काळजी योजना, कार्यालयात तिला 'आयसीपी' म्हणतात. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी प्रगती लिहायची, पुढे दर महिन्याला. आरोग्य, शिक्षण, खेळ, नातीगोती, धार्मिक श्रद्धा, स्वतःचं स्वतः जगता येण्याची तयारी, अशा ओळी आहेत. आणि सगळ्यांच्या वर, पहिली ओळ: काळजी व संरक्षणाबाबत मुलाच्या अपेक्षा. ज्या कुणी ती ओळ पहिली ठेवली त्याला मी ओळखत नाही, पण त्याला कल समजत होता. पुढे मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, तमिळनाडूतल्या अनाथालयांमधल्या शोषणाच्या प्रकरणावरून सुरू झालेल्या खटल्यात, संस्थेतल्या प्रत्येक मुलाची अशी योजना झालीच पाहिजे असं बजावलं.

त्या दिवशी मी वीस फाइली मागवल्या. पहिल्या फाइलीतली पहिली ओळ: "शिक्षण घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याची इच्छा आहे." छान. दुसरी फाइल: "शिक्षण घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याची इच्छा आहे." तिसरी, चौथी. नवव्या फाइलीपर्यंत 'स्वतःच्या'मधला विसर्ग गळाला होता आणि तिथून पुढे सगळ्या मुलांचा विसर्ग गळालेला. छंद: क्रिकेट. एका पायाने अधू असलेल्या मुलाचा छंद: क्रिकेट. (असू शकतो. मी विचारलं. नव्हता. त्याला कुलपं उघडायला आवडायचं, आणि हे लिहायला कुणी धजावलं नसतं, हेही खरं.)

मी शाळेतली एक जुनी युक्ती काढली. उत्तरपत्रिका तपासताना नाव झाकून ठेवायची सवय होती मला. परिविक्षा अधिकारी (मुलांची चौकशी आणि पाठपुरावा बघणाऱ्या) बाईंना म्हटलं, मी नाव झाकते आणि वाचते, तुम्ही सांगा मूल कोणतं. या फाइली त्यांनीच लिहिलेल्या. विसातली एक ओळखू आली, तीही त्यात तिरळेपणाच्या उपचाराचा उल्लेख होता म्हणून.

बाई ओशाळल्या नाहीत, चिडल्या. त्यांचं चिडणं रास्त होतं. "मॅडम, मला मुलं माहीत आहेत. प्रत्येकाचं तोंडी विचारा." मी विचारलं आणि त्या खरोखर सांगत गेल्या: कोण झोपेत बोलतो, कुणाची आई मंगळवारी फोन करते आणि बुधवारी तो कुणाशी तरी मारामारी करतो, कोण पाव खिशात लपवतो. हे कागदावर का नाही? त्यांनी आठवड्याचा हिशोब मांडला. एक दिवस बालकल्याण समितीसमोर (मुलाला कुठे ठेवायचं ते ती ठरवते), एक दिवस सिव्हिल हॉस्पिटलात, आधार केंद्रावर बोटांचे ठसे जुळत नाहीत म्हणून दोन खेपा, शाळेचे दाखले, गृहचौकशीला गावोगाव. लिहायला उरतात रात्रीचे साडेनऊ आणि एक संगणक. एकाची फाइल उघडायची, नाव बदलायचं, जतन करायची. तपासणीला येणारे लोक फाइल आहे की नाही एवढंच बघतात. माझ्यासकट.

युरोपात २००७ साली संस्थांमधल्या आणि पालक-कुटुंबांमधल्या मुलांसाठी अठरा मानकांची एक यादी तयार झाली, 'क्वालिटी फॉर चिल्ड्रन' नावाची. त्या लोकांनी आधी संस्थेत वाढलेल्या माणसांकडून त्यांच्या गोष्टी गोळा केल्या आणि मानकं त्यांतून काढली. म्हणून तिची विभागणी खोल्यांप्रमाणे झालेली नाही: मूल घरातून निघतं तो निर्णय आणि प्रवेश, मग तिथलं राहणं, मग तिथून बाहेर पडणं. ज्याने ते भोगलंय तो या क्रमानेच सांगेल. भिंतीला रंग कुठला होता ते तो शेवटी सांगेल, आठवला तर. आपला क्रम इमारतीपासून सुरू होतो. त्याला इतिहासही तसाच आहे म्हणा. मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा १९२४ साली झाला, १९२७ मध्ये अशी गृहं चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली, आणि मुंबईत डोंगरीचं निरीक्षणगृह उभं राहिलं ते उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात. टिळक-आगरकर १८८२ साली १०१ दिवस जिथे होते, तो हाच तुरुंग. अजूनही लोक निरीक्षणगृहाला 'रिमांड होम' म्हणतात आणि घरात मुलाला धाक दाखवायला ते नाव वापरतात. इमारतीचा स्वभाव लवकर जात नाही.

प्रवेशाचा निर्णय, ही त्या यादीतली पहिली पायरी, आमच्याकडे जून महिन्यात दिसते. शाळा उघडायच्या सुमारास बालगृहाच्या व्हरांड्यात बायका बसलेल्या असतात, कडेला मुलं आणि पिशवीत दाखले. नवरा वारलेला किंवा टाकून गेलेला, काम दहा तासांचं, घरात सांभाळायला कुणी नाही. अशा बऱ्याच मुलांना अनाथ म्हणता येत नाही. त्यांची आई बाहेर बाकावर बसलेली असते. कायदा सांगतो की संस्था हा शेवटचा उपाय. राज्याची बालसंगोपन योजना यासाठीच आहे, मूल घरीच किंवा नात्यात राहावं म्हणून महिन्याला थोडी रक्कम. ती आधी ४२५ रुपये होती, मग ११०० झाली, २०२३ पासून २२५०. दिवसाला पंचाहत्तर. पंचाहत्तर रुपयांत आई कामाचे तास किती कमी करू शकेल हे गणित मी त्या बाकावर बसून करून पाहिलं आणि कुणालाच सांगितलं नाही. पण ते अर्जही त्या बायकांपैकी निम्म्यांना ठाऊक नव्हते. उत्तम बालगृह कसं असावं यावर आम्ही तिघं चार तास घालवत होतो आणि दारात बसलेल्या मुलाला त्याची गरजच नसावी, ही शक्यता आमच्या तपासणीच्या नमुन्यात नव्हती. मी दोन वेळा ती सूचना लिहिली. दुसऱ्या वेळी त्या बाकामागच्या भिंतीवर बालसंगोपनाच्या अर्जाची माहिती मोठ्या अक्षरात लागली. त्याने किती मुलं घरी राहिली ते कुणी मोजलेलं नाही.

सूचनापेटीबद्दलही थोडं. नियम असा की ती कार्यालयापासून लांब, मुलं राहतात त्या बाजूला हवी, आणि दर आठवड्याला बालसमितीतल्या मुलांसमोर उघडायची. या बालसमित्याही तीन, वयाप्रमाणे: सहा ते दहा, अकरा ते पंधरा, सोळा ते अठरा. एका संस्थेत पेटी अधीक्षकांच्या दाराशेजारीच होती, "म्हणजे लक्ष राहतं". चावी सापडायला पंचवीस मिनिटं गेली. आत सतरा चिठ्ठ्या. चौदांवर एकाच अक्षरात लिहिलेलं: 'सूचना नाही.' एकीवर 'भेंडी नको'. एकीवर कुणाचा तरी अर्धवट सोडलेला लसावि. शेवटची कोरी होती पण चार घड्या घातलेली. मी ती उजेडात धरून पाहिली, काही नव्हतं. लसावि मी सोडवून परत पेटीत टाकला.

आता त्या मुलाबद्दल. तपशील थोडे बदलले आहेत, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख कुठेही छापता येत नाही आणि तसंही छापू नये.

अकरा वर्षांचा. फाइलीत शिक्षण, पाय, इच्छा, सगळं होतं. नाव झाकायच्या प्रकारानंतर परिविक्षा अधिकारी बाईंनी पाच मुलांशी पुन्हा बोलून पहिली ओळ नव्याने लिहायची ठरवली. पाचच, कारण साडेनऊनंतर तेवढंच होतं. या मुलाला विचारलं, तुला इथं आमच्याकडून काय हवंय? त्यानं आधी विचारलं, "खरंच सांगू का?" मग म्हणाला, बहीण हवीय. बहीण आठ वर्षांची, दुसऱ्या तालुक्यातल्या मुलींच्या गृहात. लहानपणी मुलं-मुली एका संस्थेत ठेवता येतात, वय वाढलं की वेगळी गृहं. संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली मुलांच्या पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली त्यात भावंडांची ताटातूट करू नये, आणि करावीच लागली तर त्यांचा संपर्क टिकवावा, असं आहे. या दोघांची ताटातूट कुणी दुष्टपणाने केली नव्हती. दोन आदेश, दोन इमारती, दोन्हीकडे संडास नियमाप्रमाणे. चौदा महिने ती एकमेकांना भेटली नव्हती.

बाईंनी ओळ लिहिली: दर दुसऱ्या रविवारी बहिणीला भेटायचे आहे. बालकल्याण समितीने आदेश दिला. मग प्रश्न आला एसटीच्या तिकिटाचा. अकरा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट, आणि सोबत जाणार बाई, म्हणजे २०२३ पासून त्यांचंही अर्धंच. दोघांचं मिळून एक. जाऊन-येऊन काही फार नव्हतं. पण लिपिक म्हणाले, या खर्चाला लेखाशीर्ष नाही. भोजन आहे, कपडालत्ता आहे, औषधं आहेत. भाऊ-बहीण नाही. पहिल्या दोन वेळा बाईंनी खिशातून दिले. मग लिपिकांनीच तोड काढली. ते एरवी कागदावरून नजर वर न करणारे गृहस्थ. त्यांनी 'शैक्षणिक सहल' या शीर्षाखाली खर्च टाकायला सुरुवात केली. नोंदवहीत दर दुसऱ्या रविवारी शैक्षणिक सहल, सहभागी विद्यार्थी संख्या: एक. लेखापरीक्षणात हा आक्षेप निघणार याची मला खात्री आहे, आणि निघेल तेव्हा त्यांनी मला साक्षीला बोलवावं.

स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलं की शनिवारी रात्री तो पोळीचा लाडू मागून घेतो, खात नाही. डब्यात ठेवतो.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या फाइली मला नंतर नंतर उघडवेनात. त्यांतल्या पुष्कळांची जन्मतारीख १ जून. आपल्याकडे ज्याची तारीख कुणाला ठाऊक नाही ते मूल एक जूनला जन्मतं, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही माहीत आहे. त्यामुळे एक जूनला एकाच गृहातले पाच-सहा जण एकदम अठरा वर्षांचे होतात. अनुरक्षणगृहात (अठरा पूर्ण झालेल्यांना ठेवतात तिथे) जागा असेल तर एकवीसपर्यंत सोय होते, अपवाद म्हणून तेवीसपर्यंत. राज्यात २०१८ पासून अनाथांना एक टक्का आरक्षण आहे, त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी मूल कसं आणि कुठून आलं याची जुनी फाइल हवी. म्हणजे सहाव्या वर्षी कुणी तरी घाईत लिहिलेला कागद अठराव्या वर्षी उपयोगी पडतो किंवा पडत नाही. एका मुलानं मला विचारलं होतं, "बाई, गॅसचा नंबर कसा लावतात?" बँक, एटीएम, सगळं त्याला शिकवलेलं होतं. गॅस राहिला होता. पन्नास मुलांच्या स्वयंपाकघरात जायला त्याला परवानगी नव्हती, सुरक्षिततेच्या नियमाप्रमाणे.

माझी मुदत संपायच्या आधीची शेवटची तपासणी त्याच संस्थेत झाली. टेप मी घरी ठेवली होती. संडास डॉक्टरबाईंनी मोजले. मी पुन्हा वीस फाइली घेतल्या, नावावर हात ठेवला आणि वाचायला लागले. "दर दुसऱ्या रविवारी बहिणीला भेटायचे असते, तिची वही तपासतो." बाई हसल्याच. "रात्री दिवा चालू हवा. इतरांना चालत नाही म्हणून दाराजवळचा पलंग दिला." तोही ओळखला. मग "शिक्षण घेऊन स्वतच्या पायावर". विसर्ग अजून गळालेलाच. मग पुन्हा तीच ओळ, मग पुन्हा. कुलपांवाल्या मुलाच्या फाइलीत लिहिलं होतं, "यंत्रदुरुस्तीत रस." मी काही बोलले नाही, बाईही बोलल्या नाहीत, पण ओळखला आम्ही दोघींनी.

विसापैकी सहा.

अहवालाच्या छापील नमुन्यात हा आकडा कुठे लिहायचा ते मी बराच वेळ शोधत होते. इमारत, आहार, आरोग्य, कर्मचारी, नोंदवह्या. शेवटी 'इतर' असा एक रकाना सापडला, दोन ओळींचा. त्यात लिहिलं: नाव झाकून ओळखू आलेल्या फाइली, सहा; मागील वेळी एक. डॉक्टरबाईंनी सही करताना विचारलं, "हे काय आहे?" तोवर बाहेर गाडीवाला हॉर्न द्यायला लागला होता, म्हणून मी म्हटलं, गाडीत सांगते.